बोर्ड, बुर्द आणि भांडीबाजार

गेल्या महिन्यात नाशिकहून चुलतभावाने घरच्या ग्रुपवर दुकानाच्या नव्या बोर्डाचा फोटो टाकला. भांडीबाजारातलं आजोबांच्या वेळचं दुकान. जुन्या पत्र्यावर इंग्रजी अक्षरं ढळढळीत आणि मराठी कोपऱ्यात मुंगीएवढी. 2022 मध्ये कायदा बदलला. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि देवनागरी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. तेव्हापासून भावाचं 'करू, करू' चाललं होतं. ते एकदाचं झालं. आमचं आडनाव आणि पुढे ठसठशीत देवनागरीत 'मेटल हाऊस'.

पहिला अंगठा उमटायच्या आत धाकट्या काकांनी लिहिलं, 'लिपी आपली, शब्द साहेबाचे. याला मराठीकरण म्हणायचं?' भाऊ म्हणाला, 'काका, बोर्ड कायद्यात बसतो.' काका म्हणाले, 'आधी बोर्ड म्हणणं सोड. फलक म्हण.' मग भगूरच्या सावरकरांपासून दिनांक, महापौर या शब्दांपर्यंत सगळी उजळणी झाली. दोन दिवस ग्रुपवर कोणी वाढदिवसाच्या शुभेच्छाही धड देऊ शकलं नाही.

हे सगळं मी वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्ये बसून वाचत होते. इंग्रजीशेजारी इथली स्वतःची भाषा आहे वेल्श. रोज जे ओळखपत्र गळ्यात अडकवून मी कामाला जाते, त्यावर माझ्या संस्थेच्या वेल्श नावातला पहिलाच शब्द आहे 'बुर्द'. शेवटचा द जीभ दातांत धरून म्हणायचा. 'बुर्द येखिद' म्हणजे आरोग्य मंडळ. हा बुर्द दुसरा तिसरा कोणी नसून आपला बोर्डच. वेल्श लोकांनी तो जुन्या इंग्रजीतून, म्हणजे निदान नऊशे वर्षांपूर्वी उचलला आणि असा जिरवला, की जेवायच्या टेबलालाही ते बुर्दच म्हणतात. इंग्रजीच्या नावाने बोटं मोडणारा कट्टर वेल्श माणूसही रोज संध्याकाळी बुर्दावरच जेवतो.

या शब्दाचा संसार मोठा आहे. मुळात ते दोन वेगळे शब्द होते. एकाचा अर्थ फळी, दुसऱ्याचा कड, विशेषतः जहाजाची बाजू. दोन्हींचा उच्चार सारखा, त्यामुळे फार पूर्वीच त्यांची सरमिसळ झाली. फळीचं झालं जेवायचं मेज. मेजावर जेवण आलं म्हणून जेवणालाच बोर्ड म्हणू लागले. त्यातून बोर्डिंग आलं. महाराष्ट्रभर हॉटेलांवर 'बोर्डिंग-लॉजिंग' लिहिलेलं असतं आणि आपण दोन्ही शब्द राहण्याचेच समजतो. खरं तर लॉजिंग म्हणजे खोली आणि बोर्डिंग म्हणजे पोळी-भाजी. गंगापूर रोडच्या उदोजी मराठा बोर्डिंगच्या नावात खेड्यातून शिकायला आलेल्या पोरांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय अशी दडलेली आहे.

त्याच मेजाभोवती कारभारी बसले आणि त्यांनाही बोर्ड हे नाव पडलं. मला इथे गंमत वाटते. साहेबाने सभेला नाव दिलं ते मधल्या लाकडावरून. आपण त्याच बोर्डाला 'मंडळ' म्हटलं, म्हणजे भोवती बसलेल्या माणसांच्या कोंडाळ्यावरून. लाकूड मधून गेलं, माणसं राहिली. पण हे मंडळ बोलण्यात काही रुजलं नाही. दहावीची परीक्षा नाशिक विभागीय मंडळ घेतं, पण मुलं परीक्षा 'बोर्डाची' देतात. राज्य वीज मंडळाच्या 2005 मध्ये वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, तरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले आमचे शेजारी आजही 'मी बोर्डात होतो' असंच सांगतात.

जहाजाच्या बाजूचा बोर्ड वेगळ्या वाटेने गेला. जहाजाच्या कडेवर पाय टाकून आत शिरणं म्हणजे बोर्ड करणं. म्हणून विमानतळावर बोर्डिंग पास मिळतो. स्टारबोर्डमधला 'स्टार' ताऱ्याचा नाही, सुकाणूचा आहे. जुन्या जहाजांचं सुकाणू उजव्या बाजूला असे, म्हणून उजवी बाजू ती स्टारबोर्ड. फ्रेंचांनीही हाच कडेचा बोर्ड नेला आणि त्यांच्याकडून इंग्रजीत बॉर्डर परत आली. म्हणजे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर धावत जाऊन एसटीचा बोर्ड वाचणं आणि साहेबाच्या भाषेत ती एसटी 'बोर्ड' करणं, यांतला पहिला बोर्ड फळीचा आणि दुसरा जहाजाचा.

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी इंग्रजी 'कबर्ड' आपल्या कपाटावरूनच आला असं ठासून सांगितलं होतं. मला ते फार वर्षं खरं वाटलं. पण कबर्ड म्हणजे कप मांडायची फळी. आणि आपलं कपाट संस्कृतात दाराची फळी होतं. दोघांची गाठ फक्त उच्चारापुरती.

मराठीची फळीही काही कमी नाही. 'आघाडीची फळी कोसळली' म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे लाकूड येत नाही, बाद होऊन परतणारे फलंदाज येतात. म्हणजे बोर्डाप्रमाणे आपणही फळीची माणसं केलीच आहेत. पाट तर त्याहून उद्योगी. त्यावर बसून जेवायचं, सारीपाट खेळायचा, गंगापूर धरणाचं पाणी पाटाने न्यायचं आणि पूर्वी बाईने दुसरं लग्न केलं की तिने पाट लावला म्हणायचं. फळा आणि काकांचा लाडका फलक तर एकाच घरातले. एकाने शाळेत खडू खाल्ला, दुसरा समारंभाला जातो.

म्हणून मला काकांची बाजू पटत नाही. एवढ्या अर्थांनी राबणारा बोर्ड आता पाहुणा राहिलेला नाही. स्विचचा, कॅरमचा, गाडीच्या नंबरचा, परीक्षेचा, असा तो घरातलाच झाला आहे. 'बोर्डात', 'बोर्डाला', 'बोर्डावर' असे आपले प्रत्यय त्याला बिनबोभाट लागतात. काका ज्याला आपला शब्द मानतात तो 'दुकान'ही अरबीतून फारसीमार्गे आला आणि तिकडे त्याचा मूळ अर्थ बसायचा ओटा. मग दुकानावरच्या बोर्डात परका कोण ते ठरवून दाखवा.

पण भावाची बाजूही पुरती पटत नाही. 'कायद्यात बसतो' हे त्याचं वाक्य मला इथे राहून टोचतं. वेल्समध्ये रस्त्यावरची जवळजवळ प्रत्येक पाटी दोन भाषांत असते. 2008 मध्ये स्वान्सी शहरात एका रस्त्याच्या पाटीसाठी नगरपालिकेने वेल्श मजकूर ईमेलवर मागवला. जे उत्तर आलं ते जसंच्या तसं रंगवून खांबावर चढवलं. त्याचा अर्थ होता, 'मी सध्या कार्यालयात नाही. भाषांतराचं काम असेल तर पाठवून द्या.' पाटी नियमात बसत होती. ती करणाऱ्यांपैकी कोणाला वाचता येत नव्हती, इतकंच.

आणि इतक्या पाट्या लावून काय झालं? 2011 च्या जनगणनेत वेल्समधले 19 टक्के लोक वेल्श बोलतो म्हणाले होते, 2021 मध्ये ते 17.8 टक्क्यांवर आले. घट झाली ती मुख्यतः मुलांमध्ये. इथल्या सरकारने 2050 पर्यंत दहा लाख वेल्श भाषक करायचं ठरवलं आहे आणि त्याची मोठी भिस्त शाळांवर आहे, पाट्यांवर नाही. कारण भाषा शाळेतूनच हद्दपार केली गेली, हे त्यांना पक्कं आठवतं. एकोणिसाव्या शतकात वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची छोटी पाटी अडकवत. तिच्यावर 'वेल्श नको' याची आद्याक्षरं कोरलेली. दुसरं कोणी वेल्श बोललं की पाटी त्याच्या गळ्यात जायची आणि शेवटी ती ज्याच्याकडे उरेल त्याला शिक्षा. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्सच्या संग्रहालयाकडे त्यातली एक आहे. बोर्डाचे सगळे अर्थ गोळा केले तर हाही त्यात धरायला लागेल.

गळ्यातल्या त्या पाटीबद्दल वाचलं तेव्हा मला भाची आठवली. मागच्या दिवाळीत नाशिकला गेले होते तर ती म्हणाली, 'आत्या, आमच्या वर्गात मराठी बोललं की दहा रुपये फाइन.' शाळेचं नाव लिहीत नाही. घरात सगळे हसले होते, काकासुद्धा. मीही हसले होते. परदेशात राहून मराठीची काळजी करणं सोपं असतं, हे मला माहीत आहे. माझी फी त्या शाळेत जात नाही आणि 'मुलीचं इंग्रजी कच्चं राहिलं तर?' ही धाकधूक भावाला आहे, मला नाही. तरी या वेळी मी ग्रुपवर लिहिलं, 'बोर्ड म्हणा नाहीतर फलक म्हणा. त्या दहा रुपयांचं काय ते सांगा.'

सबंध दिवस कोणी काही बोललं नाही. मग भावाने दुसरा फोटो टाकला. 'मेटल हाऊस' तसंच आहे, पण खाली पेंटरकडून एक ओळ वाढवून घेतली आहे. 'तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून मिळेल.' भाचीने ती ओळ अक्षर अक्षर जुळवून वाचली म्हणे आणि कल्हई म्हणजे काय ते विचारलं. भावाला काही धड सांगता येईना, तेव्हा काका तिला कल्हईवाल्याकडे घेऊन गेले.

त्याचा व्हिडिओही आला. पातेलं तापलेलं, नवसागराचा धूर, कथलाचा एक ओघळ आणि त्यावरून गरगर फिरणारा कापसाचा बोळा. काळं बूड बघता बघता चांदीसारखं झालं. मागून भाचीचा आवाज येतो, 'वॉव आजोबा, सो शायनी!' आणि लगेच काकांचा, 'मागे हो, चटका बसेल.'