शेततळ्यात जळकं ऑइल ओतू नका

परवा जालन्याजवळ काकांच्या शेतात गेले, तर शेततळ्याच्या बांधावर जळक्या ऑइलचा वीस लिटरचा कॅन ठेवलेला. गॅरेजवरून मागून आणलेला. कशाला म्हणून विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. ग्रुपाग्रुपांतून फिरणारा एक मेसेज. त्यात लिहिलेलं: पाण्याची वाफ 100 अंशांनाच होते, त्यामुळे 42 अंशांत पाणी उडतं ही थाप आहे. रात्री आणि थंडीत तर बाष्पीभवन शून्य. आणि तरीही भीती वाटत असेल तर तळ्यात जळकं ऑइल ओता, थेंबही उडणार नाही. पाणी उडतच नसेल तर ऑइल कशाला ओतायचं, एवढाही विचार लिहिणाऱ्याने केलेला नाही.

"काका, दोरीवरचं धोतर काय 100 अंशांना वाळतं?" एवढंच मी विचारलं.

100 अंशांना पाणी उकळतं, म्हणजे आतून बुडबुडे होऊन त्याची वाफ होते. पृष्ठभागावरून मात्र ते कुठल्याही तापमानाला उडत असतं, तापमानाने फक्त वेग बदलतो. पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन उडण्याचा त्याचा जोर, 20 अंशांना 2.3 किलोपास्कल, 30 ला 4.2 आणि 40 ला 7.4 असतो. दर दहा अंशांना जवळजवळ दुप्पट. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन डाल्टनने 1802 च्या सुमारास हे मांडलं: पाण्याच्या पृष्ठभागाचा बाष्पदाब आणि हवेत आधीच असलेल्या बाष्पाचा दाब, यांत जेवढा फरक जास्त तेवढं पाणी भराभर उडतं, आणि वारा त्यात भर घालतो. त्यावर बेतलेली सूत्रं आजही वापरात आहेत.

थंडीचा मुद्दाही इथेच निकालात निघतो. जुलैत कोकणात 28 अंशांना कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात आणि जानेवारीत मराठवाड्यात तेवढ्याच तापमानाला दुपारभरात कडक वाळतात, कारण हवा कोरडी. थंडीत पाणी कमी उडतं हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे.

रात्रीचं काकांना पटेना. मग सरळ काठाचं पातेलं भरून बांधावर ठेवलं, आत शाळेची पट्टी उभी केली आणि कुत्र्या-पाखरांनी तोंड घालू नये म्हणून वर जाळी टाकली. संध्याकाळी साडेसहाला खूण केली. पहाटे सहाला पाणी दोन मिलिमीटर खाली! दिवसभर तापलेलं पाणी सूर्य मावळला म्हणून लगेच निवत नाही, आणि मे महिन्यातला कोरडा वारा रात्रीही वाहतोच. दिवस-रात्र मिळून आठ मिलिमीटर धरले, तर 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून रोज 7,200 लिटर पाणी जातं.

मेसेजमध्ये एक गोष्ट अर्धवट खरी आहे, ती मान्य करते. पाण्यावर पातळ थर दिला की बाष्पीभवन घटतं. सिटाइल अल्कोहोलसारख्या मेणचट पदार्थांचा एका रेणूएवढा जाड थर त्यासाठी वापरून पाहिला गेला, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही 1960 च्या सुमारास यावर काम झालं. पण त्यातही पाणी उडणं पूर्ण थांबत नाही आणि वारा सुटला की थर फाटतो. तो पदार्थ वेगळा, जळकं ऑइल वेगळं. इंजिनात झिजलेल्या धातूंचा अंश त्यात असतो. काळा तवंग ऊन शोषून पाणी आणखी तापवतो, हवेतला प्राणवायू पाण्यात उतरू देत नाही, मासे मरतात. ड्रिपची छिद्रं बुजतात आणि उरलेलं ऑइल मोसंबीच्या मुळाशी जातं. काकांच्या दोन गाई त्याच तळ्याचं पाणी पितात हो! ओतलेलं ऑइल पूर्णपणे परत काढणं फार अवघड.

पाणी वाचवायचंच असेल तर तळ्यावर शेडनेट ताणा, वाऱ्याच्या बाजूने शेवरीची झाडं लावा, आणि नवीन तळं काढताना पसरटपेक्षा खोल काढा. आणि पाणी न उपसताही तळ्याची पातळी पातेल्यापेक्षा जास्त उतरत असेल तर तो दोष उन्हाचा नाही, तळाला अंथरलेला प्लास्टिकचा कागद बहुधा कुठेतरी फाटलाय. पातेलं लहान असल्याने जास्त तापतं, त्यामुळे तळ्यातलं पाणी खरं तर त्याहून कमीच उतरायला हवं.

कॅन मी गाडीत टाकून गॅरेजवर परत दिला. पातेलं अजून बांधावरच आहे, काका रोज सकाळी पट्टी वाचून मला आकडा कळवतात.