‘परिणाम दिसतो, म्हणजे शक्ती खरी’ : एक प्रतिवाद

जादूटोण्याच्या बाजूने वारंवार फिरणारा युक्तिवाद थोडक्यात असा : मंत्राचा परिणाम डोळ्यांदेखत दिसतो, म्हणजे त्यात शक्ती आहेच, त्याने घाबरतात ते फक्त अडाणी लोक, आणि विश्वास ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे.

यातला पहिला भाग अर्धा खरा आहे, म्हणूनच तो नीट पाहायला हवा. नायजेरियाच्या एडो राज्यातून देहविक्रयासाठी युरोपात नेल्या जाणाऱ्या तरुणींना निघण्यापूर्वी ‘जुजू’ची, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतल्या जादूटोण्याची, शपथ घ्यायला लावत. पुजारी त्यांचे केस, नखे, कधी रक्तही घेई आणि कर्ज बुडवले किंवा पोलिसांपुढे तोंड उघडले तर वेड लागेल, मरण येईल, असे बजावले जाई. पुढे समुद्रापार, दाराला कुलूप नसतानाही, त्या हजारो युरोंचे कर्ज फेडत राहत. परिणाम झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ९ मार्च २०१८ रोजी एडोतल्याच बेनिन या पारंपरिक राज्याचे ओबा (राजे) दुसरे एवुआरे यांनी या शपथा रद्द झाल्याचे जाहीर केले (तेही शापाच्याच भाषेत). ओबांची शक्ती मोठी ठरली, असे श्रद्धाळू म्हणेल. पण मग ती घोषणा त्या मुलींच्या कानांपर्यंत पोहोचवावी का लागते? जो शाप ऐकल्यावर बांधतो आणि ऐकल्यावरच सोडतो, त्याचे ठिकाण केसानखांत नसून ऐकणारीच्या मनात आहे.

अडाणीपणाचा मुद्दा मला उद्धट वाटतो. १८५६ साली फ्रेंच सरकारने रोबेर-उदँ या जादूगाराला अल्जीरियात पाठवले, कारण मराबूंचा (चमत्कार करणाऱ्या मुस्लिम धर्मगुरूंचा) तिथल्या लोकांवरचा पगडा सरकारला मोडायचा होता. ‘तुझे बळ काढून घेतो’ असे म्हणून तो धिप्पाड माणसाला एक छोटी पेटी उचलायला लावी. तिचा तळ लोखंडी होता आणि मंचाखाली विद्युतचुंबक होते. पेटी तसूभर हलत नसे, उलट मुठीतून विजेचा झटका बसे. खाली काय दडले आहे हे ठाऊक नसलेला पदवीधरही तितकाच हादरला असता. आणि चमत्काराचा धाक सत्तेच्या कामी येतो, हे तर सुशिक्षित सरकारने पुरते ओळखले होते.

राहता राहिली खाजगीपणाची बाब. भीती एकीच्या वाट्याला येते, वसुली दुसऱ्याच्या खिशात जाते, आणि शपथ मोडल्यास घरच्यांवरही संकट कोसळेल, अशी धमकी मागे राहिलेल्या आईवडिलांपर्यंत पोहोचते.