सेंट हेलेनाचा हिशेब मांडायचाच असेल तर १६५९ पासून मांडू

नमस्कार.

सेंट हेलेनावरच्या माझ्या लेखावर तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साडेचार हजारही वस्ती नसलेल्या बेटावर साडेअठ्ठावीस कोटी पौंडांचा विमानतळ बांधणं, म्हणजे माणशी जवळपास ६४ हजार पौंड, ही शुद्ध उधळपट्टी आहे. जे बेट स्वतःचं पोट भरू शकत नाही, तिथली माणसं ब्रिटनमध्ये नेऊन वसवावीत, ते स्वस्त पडेल. लोकसंख्या घटतेच आहे, तेव्हा तिथल्या लोकांनीच आपला कौल दिलेला आहे. मी भावनेच्या भरात लिहिलं, आणि दक्षिण अटलांटिकमधल्या एका खडकाशी मराठी वाचकाचं देणंघेणं काय, हेही तुम्ही विचारलंत.

भागाकार तुमचा बरोबर आहे. २०२१ च्या जनगणनेत बेटावर ४,४३९ माणसं होती. माझी हरकत आहे ती तुम्ही वही कुठून उघडलीत याला. विमानतळाचं कंत्राट २०११ साली दिलं गेलं आणि तुमचा हिशेब तिथून सुरू होतो. मागची साडेतीनशे वर्षं जमेच्या बाजूला धरायचीच नाहीत, हे कोणी ठरवलं?

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी दोन ओळी. सेंट हेलेना हे ज्वालामुखीतून वर आलेलं सुमारे १२२ चौरस किलोमीटरचं बेट. आफ्रिकेचा किनारा इथून १,९०० किलोमीटरवर, आणि सर्वांत जवळची जमीन म्हणजे १,३०० किलोमीटरवरचं असेन्शन बेट. कडेने उघडेबोडके कडे आणि मधोमध धुक्यात भिजलेली हिरवी डोंगरधार. राजधानी जेम्सटाउन दोन उभ्या डोंगरांमधल्या चिंचोळ्या घळीत बसवलेली आहे. घळीतून वरच्या वस्तीवर थेट चढायचं तर ६९९ पायऱ्यांचा जिना आहे. सेंट हेलेना, असेन्शन आणि त्रिस्तान दा कुन्हा मिळून ब्रिटनचा एक सागरपार प्रदेश होतो.

आता पोट भरण्याबद्दल. ईस्ट इंडिया कंपनीने १६५९ मध्ये इथे वसाहत केली. मुंबई बेट कंपनीच्या ताब्यात आलं ते १६६८ मध्ये, म्हणजे मुंबईच्याही आधी कंपनीचा झेंडा इथे लागला होता. कारण सरळ आहे. हिंदुस्थानातून माल भरून परतणारी जहाजं आफ्रिकेचं टोक ओलांडली की आग्नेयेकडून वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांवर थेट या बेटाकडे येत. महिनोन्‌महिने समुद्रावर असलेल्या खलाशांना इथे गोडं पाणी, भाजी, ताजं मांस मिळे. ऐन भरात वर्षाला हजाराच्या घरात जहाजं इथे नांगर टाकत. सुरत-मुंबईहून निघालेलं कापड आणि मिरी लंडनला पोचून त्यावर जो नफा झाला, त्यात या बेटावरच्या पाण्याचा आणि तिथे राबवलेल्या गुलामांच्या घामाचा वाटा आहे. तो नफा बेटाच्या खात्यावर कधीच जमा झाला नाही.

१८३४ मध्ये कंपनीने बेट ब्रिटिश राजसत्तेकडे दिलं. कंपनीचा पैसा आटला आणि बरीच कुटुंबं दक्षिण आफ्रिकेतल्या केप कॉलनीला निघून गेली. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं दुसऱ्या वाटेने जाऊ लागली आणि बंदर ओस पडलं. या दोन्ही निर्णयांत बेटावरच्या एकाही माणसाला कोणी विचारलं नव्हतं.

मधल्या काळात साम्राज्याला नकोशी झालेली माणसं ठेवण्यासाठी बेट वापरलं गेलं. नेपोलियन सगळ्यांना माहीत असतो. पण दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांचा राजा दिनुझुलू, तिथल्याच बोअर युद्धातले हजारो कैदी आणि १९५० च्या दशकात बहारीनमधले राजकीय बंदी हेही इथेच आणले गेले. आणि एक गोष्ट अशी, जी कोणत्याही खर्चाच्या यादीत बसत नाही. ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गुलामवाहू जहाजांवरची पंचवीस हजारांहून अधिक आफ्रिकी माणसं १८४० पासून पुढच्या तीसेक वर्षांत इथे उतरवली गेली. त्यातली हजारो माणसं उपासमारीने आणि रोगांनी इथेच मेली आणि रूपर्ट्स व्हॅलीत पुरली गेली. विमानतळाच्या रस्त्यासाठी तिथे खोदकाम करायचं ठरलं तेव्हा ३२५ जणांचे अवशेष बाहेर काढावे लागले. ते कितीतरी वर्षं एका कोठारात पडून होते आणि २०२२ मध्ये पुन्हा दफन झाले. मोजकी साधनं असलेल्या बेटाने हे ओझं उचललं होतं. मी भावनेच्या भरात लिहिलं असं तुम्हाला वाटलं, ते बहुधा या भागाबद्दल असेल. इथे भावना येणारच, आणि ती मला लपवायची नाही.

मग आलं घायपातासारखं दिसणारं न्यूझीलंड फ्लॅक्स. पुरुषभर उंचीची, तलवारीसारखी पाती. ती कापायची, गाढवांवर लादून गिरणीत आणायची, यंत्रात चिरडून हिरवा गर काढून टाकायचा आणि उरलेला वाख उन्हात वाळत घालायचा. त्यापासून सुतळी होई आणि तिचं मोठं गिऱ्हाईक होतं ब्रिटनचं टपाल खातं, पत्रांच्या आणि पार्सलांच्या गठ्ठ्यांना बांधायला. विसाव्या शतकाची पहिली साठ-पासष्ट वर्षं बेट बऱ्याच अंशी या सुतळीवर जगलं. १९६० च्या दशकाच्या मध्यावर टपाल खात्याने कृत्रिम धाग्याची सुतळी घ्यायचं ठरवलं आणि १९६६ पर्यंत गिरण्या बंद झाल्या. लंडनमध्ये कोणीतरी खरेदीचा कागद बदलला आणि इथली अर्थव्यवस्था बसली.

नुकसान तेवढ्यावर थांबलं नाही. फ्लॅक्स लावण्यासाठी डोंगरधारेवरचं मूळचं जंगल तोडलं होतं. तिथली झाडासारखी वाढणारी नेची (ट्री फर्न) आणि डेझीच्या कुळातली झाडं धुकं अडवतात, पानांवरून थेंब गळतात, शेवाळाच्या गादीत मुरतात आणि तेच पाणी खालच्या वस्तीला मिळतं. आज या पाणलोटासाठी फ्लॅक्स उपटून मूळ झाडं परत लावण्याचं काम चालू आहे. चारशेहून जास्त जातींचे कीटक आणि इतर बिनकण्याचे जीव असे आहेत जे जगात फक्त या बेटावर सापडतात. सेंट हेलेना एबनी नावाचं झुडूप नामशेष झालं असं सगळे धरून चालले होते. १९८० मध्ये जॉर्ज बेंजामिन या बेटावरच्याच माणसाला एका कड्यावर त्याची दोन झुडपं दिसली. दोरावरून उतरून फांद्या आणल्या गेल्या आणि आज त्यांच्यापासून वाढवलेली हजारो रोपं बेटावर आहेत. परदेशी मदतीच्या आकड्यात हे कामही येतं, हे लक्षात असू द्या.

आता विमानतळ. तिथे चुका झाल्या, मोठ्या झाल्या, आणि मूळ लेखातही मी ते लिहिलं होतं. प्रॉस्परस बे प्लेन हा बेटावरचा एकुलता एक बऱ्यापैकी सपाट तुकडा, समुद्रापासून तीनशे मीटर उंच कड्यावर. धावपट्टीसाठी तिथली एक अख्खी घळ सुमारे ऐंशी लाख घनमीटर दगडमातीने भरून काढली. एप्रिल २०१६ मध्ये बोईंग ७३७ ने चाचणी घेतली तेव्हा कळलं की कड्यावर आदळून वर उसळणारा वारा उतरताना विमानाला धोकादायक हिसके देतो. मे महिन्यातलं उद्घाटन रद्द झालं आणि ब्रिटिश वृत्तपत्रांनी जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ म्हणून त्याची चेष्टा केली. १८३६ साली चार्ल्स डार्विन बेटावर आला होता. हजारेक फूट खोल कड्याच्या काठावर तो उभा होता, तिथे वारा पडलेला, आणि काही हातांवर समोर कुररी पक्षी जोराच्या वाऱ्याशी झगडत होते, हे त्याने टिपून ठेवलंय. वाऱ्याचा स्वभाव असा जुना आणि ठाऊक असलेला असताना नियोजनकर्त्यांनी तो गांभीर्याने घेतला नाही, याचा मला रागच येतो. पण हा दोष त्यांचा. त्याची शिक्षा बेटावरच्या माणसांना का?

शिवाय चित्र २०१६ वर गोठवून ठेवणं योग्य नाही. १४ ऑक्टोबर २०१७ ला जोहान्सबर्गहून छोट्या एम्ब्राएर विमानाची नियमित सेवा सुरू झाली आणि ती चालू आहे. त्याआधी बेटावर यायचा मार्ग म्हणजे आरएमएस सेंट हेलेना हे जहाज, केपटाउनहून पाच रात्रींचा प्रवास. ते १९८९ चं, थकलेलं, आणि त्यालाही दरवर्षी अनुदान द्यावंच लागत होतं. नवं जहाज बांधायचं की धावपट्टी, एवढाच पर्याय ब्रिटनपुढे होता. काहीच खर्च न करण्याचा पर्याय नव्हता. मेंदूत रक्तस्राव झालेल्या माणसाला किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला पाच रात्री थांबता येत नाही. नियमित सेवा सुरू होण्याआधीच रुग्णांना नेणारी विमानं या धावपट्टीवरून उडाली होती. माणशी ६४ हजार लिहिताना याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची, ते मला सांगा.

लोकसंख्येचं तुम्ही लावलेलं गणित मला सर्वांत जास्त खटकलं. १९८७ मध्ये बेटावर साडेपाच हजारांहून जास्त माणसं होती, आज साडेचार हजार नाहीत, हे खरंच. पण ती का गेली? १९८१ च्या कायद्याने या लोकांचं पूर्ण ब्रिटिश नागरिकत्व काढून घेतलं. दक्षिण अटलांटिकमधल्याच फॉकलंड या ब्रिटिश बेटांवर युद्ध झालं म्हणून तिथल्या लोकांना ते १९८३ मध्ये लगेच परत मिळालं. सेंट हेलेनाच्या लोकांना, म्हणजे स्वतःला ‘सेंट्स’ म्हणवणाऱ्यांना, २००२ पर्यंत झगडावं लागलं. तोवर बाहेर कमवायला जायचं तर मुख्यतः असेन्शनवरच्या लष्करी तळावर किंवा फॉकलंडमध्ये, तेही करारावर. दार उघडलं तेव्हा वीस वर्षं अडकलेली तरुण पिढी एकदम बाहेर पडली. आपल्याकडे कोकणातले चाकरमानी मुंबईहून मनीऑर्डर पाठवत आणि गावात आजी-आजोबा नातवंडं सांभाळत, तसंच इथेही झालं. कोकणी माणसाने गाव सोडलं म्हणजे गाव नको असा कौल दिला, असं तुम्ही म्हणाल का? तो पगारासाठी गेला होता. सेंट्सही पगारासाठीच जातात. आज बेटावर दर चार माणसांतला किमान एक जण ६५ च्या पुढचा आहे, आणि त्यांना सांभाळायला हाताखाली तरुण माणसं कमी पडतात.

हलवण्याची कल्पना तर याच प्रदेशात एकदा करून झालेली आहे. १९६१ मध्ये त्रिस्तान दा कुन्हावर ज्वालामुखी फुटला आणि अडीचशेच्या वर माणसांची अख्खी वस्ती इंग्लंडला नेली. घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, दुकानं मिळाली. तिथेच स्थायिक व्हावं अशी सरकारची इच्छा होती. मतदान झालं तेव्हा परत जाण्याच्या बाजूने १४८ मतं पडली आणि विरोधात ५. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले, आणि त्यांचे वंशज आजही लॉबस्टर विकून तिथे राहताहेत. दुसरं उदाहरण हिंदी महासागरातल्या चागोसचं. तिथल्या लोकांना मतच विचारलं नाही. १९६८ ते १९७३ दरम्यान त्यांना उचलून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये सोडलं. त्याचे खटले आणि त्यातून आलेली भरपाई अर्ध्या शतकानंतरही संपलेली नाही. हलवणं स्वस्त पडतं हे गृहीत धरण्याआधी ही दोन प्रकरणं नीट पाहावीत.

मराठी वाचकाशी संबंध काय, या प्रश्नाला मी एकच माणूस पुढे करतो. बेटाचा पहिला कायमचा रहिवासी गोव्यातून गेलेला होता. फर्नाओ लोपेस हा पोर्तुगीज शिपाई गोव्यात आदिलशाही फौजेला जाऊन मिळाला. १५१२ मध्ये बाणस्तारीचा किल्ला पडला तेव्हा जीव घेणार नाही या शब्दावर फितूर झालेल्यांना पोर्तुगीजांच्या ताब्यात दिलं गेलं. पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकर्कने जीव घेतला नाही, पण नाक आणि कान कापले, उजवा हात आणि डाव्या हाताचा अंगठा तोडला. आल्बुकर्क मेल्यावर लोपेस पोर्तुगालला निघाला आणि वाटेत सेंट हेलेनावर उतरून लपून राहिला. येणाऱ्या जहाजांनी त्याच्यासाठी कपडे, बिस्किटं, बियाणं किनाऱ्यावर ठेवून दिलं. मधली एक युरोपवारी सोडली तर त्याने मरेपर्यंतची सुमारे तीस वर्षं तिथेच काढली, फळझाडं लावली, जनावरं पाळली. पुढे शंभर वर्षं खलाशांनी जी फळं खाल्ली, त्या बागांची सुरुवात एका हाताच्या, अंगठा नसलेल्या माणसाने केली होती. माझ्यासाठी एवढा संबंध पुरेसा आहे.

राहिला पुढचा प्रश्न: बेट कशावर जगणार? वर्षाला तीस हजार पर्यटकांचं जे स्वप्न विमानतळाच्या कागदांत रंगवलं होतं, त्याच्या जवळपासही आकडा गेलेला नाही, आणि जावा असं मलाही वाटत नाही. पाणी आणि हात दोन्ही तेवढे नाहीत. जानेवारी ते मार्च या महिन्यांत व्हेल शार्क पाहायला येणारे, डोंगर चालणारे, आठवडाभर राहून खर्च करणारे मोजके लोक पुरेत. अठराव्या शतकात येमेनहून आणलेल्या झाडांची कॉफी आहे, गळाने एकेक पकडलेली ट्यूना आहे. ऑक्टोबर २०२३ पासून समुद्राखालच्या केबलने इंटरनेट आलं. त्याआधी सगळं बेट उपग्रहाच्या एका महागड्या जोडणीवर होतं. आता बेटावर बसून बाहेरचं काम करणं पहिल्यांदा शक्य झालंय.

ब्रिटनकडून दरवर्षी साधारण तीन कोटी पौंडांची मदत येते. ब्रिटनच्या दर माणशी अर्धा पौंडही पडत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत हे बेट आहे, तेव्हा ही रक्कम देणं ब्रिटनची जबाबदारी ठरते. माझ्या हातात असतं तर मी त्यातला मोठा हिस्सा नर्स, शिक्षक आणि वृद्धांची देखभाल करणाऱ्यांच्या पगारात घातला असता. फॉकलंडमध्ये त्याच कामाचे जास्त पैसे मिळत असतील तर माणूस तिकडेच जाणार, आणि त्याची जागा भरायला बाहेरून करारावर तज्ज्ञ आणणं त्याहून महाग पडतं. तुमच्याकडे पुनर्वसनाच्या खर्चाचा आकडा असेल, घरं, नोकऱ्या, पेन्शन आणि रिकाम्या बेटाची राखण धरून, तर खाली जरूर लिहा. त्यावर मी बोलायला तयार आहे.