बेन झोब्रिस्ट बेंचवरचा माणूस नव्हता

अमेरिकन बेसबॉल खेळाडू बेन झोब्रिस्टबद्दल सध्या एक दावा खूप फिरतोय, आणि तो वाचून गप्प बसवत नाहीये. दावा असा की युटिलिटी प्लेयर (फील्डिंगच्या बऱ्याच जागी खेळणारा) म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या, ज्याला कुठेच पक्की जागा मिळत नाही तो. झोब्रिस्ट त्यातलाच, करिअर ॲव्हरेज .२६६, मॅनेजर (म्हणजे कोच) जो मॅडनचा लाडका, २०१६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अमेरिकन बेसबॉलची फायनल) एक हिट लागला म्हणून हिरो झाला.

आधी पक्क्या जागेचं बघू. २००६ मध्ये तो टॅम्पा बेच्या टीममध्ये शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर) म्हणून आला आणि सुरुवात खरंच वाईट होती, २००७ चं ॲव्हरेज होतं .१५५. मग त्याने स्विंग सुधारला, २००८ ला ६२ मॅचमध्ये १२ होमरन (क्रिकेटच्या सिक्ससारखे) मारले, पण तोवर शॉर्टस्टॉपला जेसन बार्टलेट आलेला. २००९ च्या मे महिन्यात सेकंड बेसवाल्या अकिनोरी इवामुराचा गुडघा गेला आणि झोब्रिस्ट तिथे उभा राहिला, मधेमधे राइट फील्डला, लागेल तेव्हा इतर ठिकाणी, म्हणजे त्या सीझनला पिचर (बॉल टाकणारा) आणि कॅचर (बॅटरमागे तो पकडणारा) सोडून सगळ्या जागा खेळला हा माणूस. १५२ मॅच, २७ होमरन. वर्षाला १६२ मॅच असतात, त्यातल्या १५२ खेळणारा बेंचवरचा कसा काय? वॉर म्हणून एक आकडा असतो, बॅटिंग-रनिंग-फील्डिंग सगळं धरून खेळाडूमुळे टीम किती मॅच जास्त जिंकली त्याचा अंदाज, त्यात तो त्या वर्षी अमेरिकन लीगच्या सगळ्या बॅटर्समध्ये पहिला होता, एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळालेल्या जो मावरच्याही पुढे.

.२६६ चं म्हणाल तर क्रिकेटची सवय असलेल्यांची इथे हमखास गफलत होते. बेसबॉलच्या ॲव्हरेजमध्ये फक्त हिट मोजतात, चार खराब बॉल सोडून फुकट बेस मिळवला तर तो वॉक त्यात येतच नाही. ९ इनिंगमध्ये टीमकडे २७ आउट असतात, त्यातला एक वाचवणं हीच मोठी कमाई, आणि झोब्रिस्ट ते करिअरभर करत आला. ऑन-बेस परसेंटेज, म्हणजे हिट-वॉक सगळं धरून किती वेळा बेस गाठला ते, .३५७, २००९ ला तर .४०५. २०१६ ला त्याने ९६ वॉक घेतले आणि स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन आउट) झाला ८२ वेळा, आजच्या काळात असं किती जणांचं दिसतं?

आता ती "एक हिट". २०१६ ला तो शिकागो कब्जकडून खेळत होता, वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच, दहावी इनिंग, स्कोअर ६-६, क्लीव्हलँडने त्याच्या आधीच्या बॅटरला, रिझोला, मुद्दाम वॉक दिला आणि झोब्रिस्टला समोर घेतलं. त्याने लेफ्टच्या लाइनवर डबल (थेट सेकंड बेसपर्यंत नेणारा हिट) मारला, कब्ज ८-७ ने जिंकले, वर्ल्ड सिरीज १९०८ नंतर पहिल्यांदा! पण त्या सिरीजमध्ये तो २८ पैकी १० वेळा हिट मारून बेसवर गेलाय, ॲव्हरेज .३५७, एमव्हीपी उगाच नाही दिला. त्याआधीच्या सिरीजमध्ये डॉजर्सविरुद्ध कब्जना सलग २१ इनिंग एकही रन निघत नव्हता तेव्हा चौथ्या मॅचमध्ये ह्यानेच बंट टाकून (स्विंग न करता बॉल हळूच ढकलून) बेस गाठला, तिथून ४ रन आले आणि सिरीज फिरली.

आणि कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे, त्या वर्षी ऑल-स्टार मॅचला (दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंची मॅच) तो सेकंड बेसवर स्टार्टर होता, तरी वर्ल्ड सिरीजमध्ये लेफ्ट फील्डला खेळला, कारण सेकंडला हावियर बायेझची फील्डिंग हवी होती. झोब्रिस्ट सरकला म्हणून बायेझ टीममध्ये बसला. युटिलिटी प्लेयरची किंमत ही असते, त्याच्या एकट्याच्या आकड्यात ती पूर्ण दिसत नाही.

राहिला लाडका असण्याचा मुद्दा. टॅम्पा बेचा मॅनेजर असताना मॅडनने त्याला घडवलं हे मान्यच. पण २०१५ ला मॅडन शिकागोत होता आणि झोब्रिस्ट जुलैमध्ये ओकलंडहून कॅन्सस सिटी रॉयल्सला गेला, तिथला मॅनेजर नेड योस्ट. शॉन मनाया नावाचा तरुण पिचर देऊन रॉयल्सनी त्याला घेतलं, तेही काही महिन्यांसाठी. ॲलेक्स गॉर्डन जखमी होता तोवर लेफ्ट फील्ड सांभाळलं, गॉर्डन परत आल्यावर सेकंड बेस घेतला, आणि त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रॉयल्सनी जिंकली.