ऑक्सफर्डचा ॲथलेटिक क्लब आणि ‘श्रीमंतांची पोरं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

चार मिनिटांच्या आत मैल धावणारा पहिला माणूस रॉजर बॅनिस्टर ज्या क्लबचा, त्या ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ॲथलेटिक क्लबवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत: “हा श्रीमंतांच्या पोरांचा विरंगुळा होता, कष्टकऱ्याला तिथे दार बंद होतं. बॅनिस्टरचा विक्रमही दोघांना पुढे पळवून जमवलेला. बायकांचा तर पत्ताच नाही. साहेबाची आरती ओवाळायची तुमची हौस काही फिटत नाही.”

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण ते लागलं. लेखातलं एखादं विधान खोडून काढा, माझी काही तक्रार नाही. पण इथे तुम्ही माझ्या हेतूवरच बोट ठेवलंत, तेही मला न ओळखता. माझे वडील गिरणीत साचे खात्यात होते. कॉलेजात असताना मी मित्राचे स्पाइक्स मागून आणून आठशे मीटर पळायचो. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी निवड झाली तेव्हा गाडीभाडं स्वतः भरणार असशील तरच नाव पाठवतो, असं मला जिमखान्याच्या खिडकीवर ऐकवलं गेलं. तेव्हा बंद दार म्हणजे काय, हे कृपा करून मला शिकवू नका.

आता दाराबद्दलच बोलू. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांचा पहिला सामना 1864 मध्ये क्राइस्ट चर्चच्या मैदानावर झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी या दोन विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या मंडळींनी लंडनमध्ये ॲमॅच्युअर ॲथलेटिक क्लब काढला. कारागीर, मेकॅनिक, मजूर हे ‘हौशी’ (ॲमॅच्युअर, म्हणजे पैशांसाठी न खेळणारे) खेळाडूच नव्हेत, असं त्यांच्या नियमांनी ठरवून टाकलं. ती अट अन्यायाची होती. मी तिची बाजू लेखातही घेतली नव्हती आणि आत्ताही घेत नाही.

पण तुम्ही इथेच थांबता. पुढे काय झालं ते वाचायचे कष्ट तुम्ही घेतलेले नाहीत. 24 एप्रिल 1880 रोजी ऑक्सफर्डच्या रँडॉल्फ हॉटेलात बैठक भरली आणि ॲमॅच्युअर ॲथलेटिक असोसिएशन जन्माला आली. पुढाकार होता तिघांचा: क्लेमेंट जॅक्सन, माँटेग्यू शेरमन आणि बर्नहार्ड वाइज. तिघेही ऑक्सफर्डचेच. या नव्या संघटनेने मजूर-कारागिरांना वगळणारी अट आपल्या व्याख्येत घेतलीच नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. रोइंगवाले, म्हणजे नौकाशर्यती भरवणारे, त्यानंतरही कितीतरी वर्षं हाताने काम करणाऱ्याला बाहेर ठेवत होते. पैशांसाठी पळणाऱ्याला दार बंदच राहिलं, हे खरं आहे. पण गिरणीत राबून संध्याकाळी पळणाऱ्या माणसाला त्या दिवसापासून अधिकृत शर्यतीत उभं राहता आलं. माझ्या वडिलांसारख्या माणसाचा विचार करून मी हा भाग लिहिला होता. त्याला तुम्ही आरती म्हणता.

खुद्द बॅनिस्टर कोणा सरदाराचा मुलगा नव्हता. वडील सरकारी नोकर, कुटुंब मूळचं लँकेशायरचं. ऑक्सफर्डमधल्या इफ्ली रोडवरचा जुना ट्रॅक उंचसखल होता आणि त्यावर मैलाला तीन फेऱ्या पडत. विद्यापीठाच्या क्लबचा अध्यक्ष झाल्यावर बॅनिस्टरने तो बदलायचा ध्यास घेतला आणि पाव मैलाचा नवा सिंडर (कोळशाच्या राखेचा) ट्रॅक करून घेतला. त्याच ट्रॅकवर 6 मे 1954 रोजी तो 3:59.4 मध्ये मैल धावला, आणि त्या दिवशी तो विद्यापीठाकडून नव्हे, तर पाहुण्या संघाकडून, म्हणजे 1880 च्या त्याच असोसिएशनकडून उतरला होता. सकाळी लंडनच्या हॉस्पिटलात काम, मग रेल्वेने ऑक्सफर्ड, संध्याकाळी शर्यत. याला विरंगुळा म्हणायला जीभ कशी रेटते?

एक गोष्ट मान्य करतो: आपल्याकडच्या धावपटूंवर त्या लेखात एक ओळही नव्हती. ती हवी होती, कारण धागा सरळ आहे. दोराबजी टाटा तरुणपणी केंब्रिजच्या कीज कॉलेजात होते, आणि खेळांची गोडी त्यांना इंग्लंडमध्ये लागली. पुढे पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरं त्यांनी पाहिली आणि 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ पाठवायला पदरचे पैसे घातले. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्या संघातून मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले.

बायकांचा प्रश्न मोठा आहे. त्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल, प्रतिक्रियेतल्या एका टोमण्याने तो सुटत नाही.

राहिले पेसमेकर, म्हणजे वेग राखून देण्यासाठी पुढे पळणारे. इफ्ली रोडच्या शर्यतीत ब्रॅशर आणि चॅटवे हे दोन धावपटू बॅनिस्टरच्या पुढे होते, हे मी लेखातच लिहिलंय. तुम्ही बहुधा तिथपर्यंत पोचला नाहीत. दोघेही शर्यतीत रीतसर उतरलेले होते आणि दोघांनीही ती पूर्ण केली. हरकत घ्यायचीच होती तर जून 1953 मधल्या मोट्सपर पार्कच्या शर्यतीवर घ्यायची. तिथे ब्रॅशर मुद्दाम रेंगाळून एक फेरी मागे राहिला आणि मग बॅनिस्टरला ओढायला पुढे आला. ती 4:02.0 ची वेळ ब्रिटिश मंडळाने स्वतःच नाकारली. इफ्ली रोडची वेळ मात्र जागतिक विक्रम म्हणून मान्य झाली. या दोन शर्यतींतला फरक त्या काळच्या पंचांना दिसला होता. तुम्ही तो न पाहताच निकाल देऊन मोकळे झालात.