ऊन पडलंय म्हणून निघू नका

एप्रिल उजाडला की बर्फातल्या ट्रेकचे फोटो सुरू होतात. खाली ठरलेली ओळ: 'वेदर एकदम क्लिअर होतं, काही टेन्शनच नव्हतं.' ही ओळ वाचली की माझ्या पोटात गोळा येतो, कारण स्वच्छ उन्हातही हिमस्खलन होऊ शकतं, म्हणजे उतारावरचा बर्फ सुटून खाली येऊ शकतो.

या दिवसांत आकाश किती निळं आहे यापेक्षा रात्र कशी गेली हे जास्त महत्त्वाचं. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता वर सोडून देतो आणि पहाटेपर्यंत वरचा थर टणक होतो. रात्रभर ढग राहिले की त्याच्यावर पांघरूण घातल्यासारखं होतं, तो नीट गोठतच नाही. मग सकाळी कितीही लख्ख ऊन पडो, ते धोक्याचंच.

माझ्या पहिल्या खेपेला लीडरने रात्री दोनला उठवलं, तेव्हा मी मनातल्या मनात त्याचा उद्धार केला होता. चार वाजता बुटाचा ठसाही उमटत नव्हता, क्रॅम्पॉनचे, म्हणजे बुटाखाली बांधायच्या काट्यांचे, दात नुसते करकरत होते. अकराला उतरताना त्याच जागी पाय मांडीपर्यंत आत. वरून लहान लहान गोळे सुटून घरंगळत होते, येता येता जाड होत होते. मला गंमत वाटली, मी व्हिडिओ काढायला थांबलो. "फोन ठेव, चाल!" लीडर असा ओरडला की दिवसभर मी फुगून बसलो. ते गोळे म्हणजे उतार सैल झाल्याची खूण, हे मला नंतर कळलं.

हिवाळाभर थरावर थर साचलेले असतात. उन्हाने वितळलेलं पाणी आत झिरपतं, कणाकणांची पकड सुटते. खाली कडक थर लागला की पाणी त्यावरच पसरतं आणि वरचा सगळा भार निसरड्यावर येतो. आधी पूर्वेकडचे उतार, दुपारी पश्चिमेचे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, म्हणजे नेमका आपल्याला 'जमेल' असं वाटणारा चढ. नवा बर्फ पडला असेल तर गणित आणखी बिघडतं. तेव्हा पहाटेचा टणकपणाही पुरत नाही.

ओला बर्फ हळू येतो म्हणून हसण्यावारी नेणारे भेटतात. अहो, त्याचं वजन बघा! ताजा कोरडा बर्फ घनमीटरला १०० किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, ओला ४००-५०० किलो. आणि थांबला की काँक्रीटसारखा बसतो, बोट हलत नाही. माणूस पुरला गेला तर हातात असतात पहिली १०-१५ मिनिटं. तेवढ्यात खालून मदतीची गाडी यायची नसते, सोबतचे चारजण काय करतील तेच.

४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटकांचा जीव गेला. कोणी शिखरावर निघालं नव्हतं, सगळे फिरायला आलेले.

तरी परत फिरवणाऱ्या लीडरलाच लोक भित्रा म्हणतात, ग्रुपवर त्याची टिंगल करतात. मला तोच लीडर हवा.

आता मी बाकी काही विचारत नाही, फक्त 'रात्री गोठलं होतं का?' आणि 'किती वाजता मागे फिरायचं?' उत्तरात चाचरणं ऐकू आलं की मी तंबूत. गेल्या खेपेला सलग दोन दिवस झोपलो. पत्तेसुद्धा न्यायचे राहिले होते.