तास भरतात, म्हणून पगार नको?

आमच्याकडच्या पायलट पोरांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक मजकूर फिरतोय. नव्या पायलटानं कॉर्पोरेट विमानावर, म्हणजे कंपनीच्या किंवा मालकाच्या खाजगी विमानावर, पहिली दोन वर्षं पगार मागू नये. तो अजून शिकतोय, उड्डाणाचे तास त्याच्या नावावर भरतात तोच पगार. काम तरी काय, महिन्याला वीस-पंचवीस तास. आणि नव्यांना पैसे दिले तर अनुभवी कॅप्टनला काय उरणार? मी धुळ्याला गोंदूरच्या धावपट्टीवर शिकलो, आज अशाच एका विमानाच्या उजव्या सीटवर, म्हणजे को-पायलटच्या जागी, बसतो. हा मजकूर मला माझ्याच मामांनी पाठवला, म्हणून उत्तर देतोय.

‘तो अजून शिकतोय’ हे पहिलं कारण. शिकणं संपलं तेव्हाच त्याला सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, मिळालं. 200 तासांचं उड्डाण, डीजीसीएचे (सरकारी विमान खात्याचे) पेपर, क्लास वन मेडिकल, हे सगळं झाल्यावर. प्रायव्हेट लायसन्सवर पैसे घेऊन उडता येत नाही. कमर्शियल काढायचं ते त्यासाठीच. शिवाय बहुतेक बिझनेस जेटना दोन पायलट लागतातच. उजवी सीट रिकामी असेल तर मालकाचं विमान जागचं हलत नाही. आपल्याकडे आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, सालदार म्हणजे वर्षाचा शेतगडी ठरतो. गडी नवा असेल तर साल कमी बोलतात, पण बोलतात. औत धरायला शिकशील तोच तुझा दाणा, असं कुणी म्हणत नाही.

आता तासांचा हिशोब. एटीपीएलला, म्हणजे सीपीएलच्या वरच्या लायसन्सला, 1500 तास लागतात, म्हणजे अजून 1300. महिन्याला 25 धरले तर 52 महिने, चार वर्षांच्या वर. मजकुरातली दोन वर्षं फुकट काढली तरी हातात 600 तास. ज्याला पगार म्हणताय, तोही अर्धाच.

आणि 25 तास हे विमान चालल्याचे आहेत, कामाचे नाहीत. मे महिन्यातल्या एका दिवसाचं सांगतो. पहाटे चारला उठलो. हवामान, नोटॅम (विमानतळ-मार्गाबद्दलच्या सूचना), फ्लाइट प्लॅन, इंधन, लोड-ट्रिम (वजनाचा हिशोब), सगळं मी आणि कॅप्टननं पाहिलं. छोट्या विमानतळावर सामान चढवायलाही पायलटच. साहेबांची मीटिंग लांबली, आम्ही दिवसभर थांबून. परतताना पारा चव्वेचाळीसवर, आणि चारऐवजी सात माणसं, सामानासकट. उन्हात हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, धावपट्टी जास्त लागते. मी आकडे पुन्हा मांडले आणि कॅप्टनला सांगितलं, बसत नाही. त्यांनी ऐकलं, दोन माणसं रस्त्यानं गेली. लॉगबुकात त्या दिवसाचे भरले एक तास चाळीस मिनिटं.

मला सगळ्यात जास्त काळजी याच जागेची वाटते. फुकट बसवलेला पोरगा तिथे ‘बसत नाही’ म्हणेल का? उद्या सीट जाईल या धाकात तो गप्प राहील. उजव्या सीटवरचा माणूस असतोच कॅप्टनची चूक दाखवायला, आणि त्यासाठी त्याचे पाय जमिनीवर घट्ट हवेत.

माझी पहिली ऑफर अशीच होती: सहा महिने बिनपगारी, टाइप रेटिंगचा (त्या जातीचं विमान उडवायच्या परवान्याचा) खर्च माझा, वर बाँड, म्हणजे मध्येच नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार. तेव्हा आबांची रावेरकडची दोन एकर केळीची जमीन विकून झाली होती आणि बँकेचा हप्ता सुरू होता. मी नाही म्हटलं आणि अकरा महिने घरी बसलो. ते महिने आबांनी कसे काढले ते मी पाहिलंय. म्हणून हो म्हणणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही.

अनुभवी कॅप्टनना जास्त मिळावं, हे मात्र शंभर टक्के मान्य. पण बाजूची सीट फुकट भरते हे कळल्यावर मालक कॅप्टनशीही घासाघीस करणारच, आणि चार वर्षांनी तोच पोरगा कॅप्टन म्हणून कमी पैशात उभा राहील.

तेव्हा मामा, तुमच्या ओळखीतल्या त्या चोपड्याच्या मुलाला एवढं सांगा: सही करण्याआधी चार गोष्टी कागदावर मागून घे. महिन्याचा ठरलेला पगार, मग उड्डाण होवो न होवो. टाइप रेटिंगचा खर्च कुणाचा. बाँड किती महिन्यांचा आणि किती रकमेचा. आणि महिन्यात पक्क्या सुट्ट्या किती. त्याला माझा नंबर द्या, कागद मी वाचून देईन.